‘मनी’ नावाचा फोटो

माझ्या उसाच्या रसाच्या ग्लासाखाली कुणाचा तरी सूर्यास्त आहे, हे मला ग्लास उचलल्यावर कळलं.

जळगावच्या बसस्टँडबाहेरची रसवंती, एप्रिलमधला रविवार. सकाळ अजून सरली नव्हती, तरी रस्त्याकडे बघवत नव्हतं असं ऊन. बाकावर पुठ्ठ्यासारखं काहीतरी पडलेलं दिसलं आणि त्यावर मी खुशाल ग्लास ठेवून दिला. हात धुवायला गेलेला एक उंच, सावळा तरुण नळापासूनच ओरडत आला.

“अहो ताई... तो ग्लास... फोटो आहे हो तो!”

मी ग्लास उचलला. नरडाण्याचं रेल्वे स्टेशन, सूर्य बुडतानाचं, कृष्णधवल, मोठ्या आकारात. आणि आभाळाच्या बरोब्बर मधोमध एक ओला, गोल डाग.

माफी मागायला हवी होती. पण माझी जीभ माझं कधी ऐकते?

“आधी आभाळ रिकामंच होतं,” मी म्हटलं. “आता निदान चंद्र तरी उगवला.”

त्याने फोटो हातात घेतला, मान तिरकी करून पाहिलं. आता हा भडकणार... असं वाटलं आणि तो चक्क हसला. 

“चंद्र जरा मोठा नाही झाला?”

“फुल ग्लास होता. हाफ घेतला असता तर बेताचा उगवला असता.”

“फोटोतलं कळतं वाटतं तुम्हाला.”

“चुका कळतात.”

“मग ही जिल्हा वाचनालयामागची छायाचित्र मंडळाची खोली कुठे, तेही कळत असेल. मी धुळ्याहून आलोय. त्या मंडळात फोटो दाखवायचाय. आता... चंद्रासकट.”

मी त्याला रस्ता सांगितला. मीही तिथेच चालले आहे हे मात्र सांगितलं नाही. अर्ध्या तासाने पहिल्या रांगेत मला बसलेली पाहून त्याचा जो चेहरा झाला, तो मला आजही आठवतो आणि आजही हसू येतं.

आमचं मंडळ म्हणजे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमणारी हौशी माणसं. साल एकोणनव्वद, गावात रंगीत फोटो येऊन जुने झाले होते, पण आम्ही आपले मोरीत लाल बल्ब लावून कागद धूत बसणारे. अध्यक्ष धनसिंग सर, शिंदखेड्याकडचे, निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांचे नियम कडक. फोटो दोरीला चिमटा लावून टांगायचा. खाली फक्त शीर्षक, नाव नाही. ज्याचा फोटो त्याने टीका संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. शेवटी सर नाव विचारणार, तेव्हा उभं राहून एकच वाक्य बोलायची मुभा.

आणि टीका करण्यात मी, ज्योत्स्ना नारखेडे, कॉलेजातली पदार्थविज्ञानाची डेमॉन्स्ट्रेटर, सगळ्यांच्या पुढे. पुठ्ठ्याचे दोन काटकोन माझ्या पर्समध्ये कायम असत. ते फोटोवर सरकवायचे आणि नको तेवढा भाग झाकून टाकायचा. माझ्या मागे मला सगळे ‘कात्री’ म्हणतात, हे मला माहीत होतं आणि आवडतही होतं.

त्या दिवशी नरडाण्याचं स्टेशन टांगलं गेलं. मी काटकोन लावले. आभाळ निम्मं उडवलं, डावीकडचा सिग्नल उडवला, उरली बाकावर बसून शेंगा खाणारी एक म्हातारी. 

“फोटो हा आहे,” मी म्हटलं. “बाकीचं सगळं काढणाऱ्याने घाबरून भरलंय.”

तो तोंडावर हात ठेवून बसलेला. सरांनी नाव विचारलं तेव्हा उठला.

“अभिमन देवरे, धुळे, पाटबंधारे खात्यात आरेखक... आणि चंद्र माझा नाही.”

कुणालाच कळलं नाही. मी मात्र पर्समध्ये तोंड घालून हसले.

मग तो दर महिन्याला येऊ लागला. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत एसटीने, मांडीवर पुठ्ठ्यांत बांधलेले फोटो घेऊन. सभा संपली की आम्ही स्टँडपर्यंत चालत जायचो. मी कापायची, तो ऐकायचा... आणि पुढच्या वेळी असा फोटो आणायचा की कापायला जागाच सापडू नये. मला राग यायचा. मग घरी जाऊन त्या फोटोचाच विचार करत बसायची.

“तुम्ही फार कापता,” तो एकदा म्हणाला.

“कापण्यासारखं असतं म्हणून.”

“एक विचारू? तुमचा फोटो कधी दिसला नाही दोरीवर.”

“मी परीक्षण करते.”

“म्हणजे काढत नाही?”

“काढते ना.”

“मग?”

“तुमची बस लागली,” मी म्हटलं. बस लागली नव्हती. तो गाडी नसलेल्या फलाटाकडे बघून गालातल्या गालात हसला आणि मला जे काही झालं ते मी कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात मी हट्टाने माझा एक फोटो टांगला. एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या तळ्याकाठी कमळं विकणारी बाई. चौकट काटेकोर, उजेड मोजून घेतलेला. सगळ्यांनी वाहवा केली. मग अभिमन उठला.

“सगळं नीट आहे,” तो हळूच म्हणाला. “फक्त... फोटो काढणाऱ्याला या बाईची भीती वाटते. लांबून काढलाय. तिचं नाव विचारलं असतं तर चार पावलं पुढे जाता आलं असतं.”

मला बोलायची मुभा नव्हती. सभा संपल्यावर मी जिन्याखाली जाऊन उभी राहिले, तर हा मागोमाग हजर.

“रागावलात?”

“नाही.”

“मग रडताय का?”

“राग आला की मला रडू येतं.”

“म्हणजे रागावलात.” तो घुटमळला. “मी खोटं बोललो का?”

तोच तर त्रास होता. तो खोटं बोलला नव्हता. दिसेल त्यावर मी टीका करत होते, कारण त्यात जवळ जावं लागत नाही. इतक्या लोकांत हे या एकट्यालाच कसं दिसलं याचा मला संताप आला... आणि त्या संतापाच्या आत कुठेतरी फार बरंही वाटलं.

“चला,” तो म्हणाला, “पुढच्या रविवारी एरंडोलला उतरतो. नाव विचारून येऊ.”

आम्ही गेलो. बाईंचं नाव तानुबाई. त्यांनी आम्हाला कमळाच्या देठाची माळ करून दाखवली, अभिमनला “जवाईबापू” म्हणाल्या, त्याचे कान लाल झाले आणि त्यावर त्या अशा खदखदून हसल्या की मी दोन हातांवर जाऊन बटण दाबलं. आयुष्यातला माझा पहिला खरा फोटो. परत येताना एसटीत आम्ही दोघं एका बाकावर होतो. खिडकीतून गरम वारा येत होता, त्याच्या शर्टाची बाही माझ्या हाताला लागत होती, आणि आम्ही दोघंही अगदी मन लावून बाहेरच्या कपाशीकडे बघत होतो.

पण तो काही बोलला नाही. मीही नाही. फोटोवर तासभर बोलणारी आम्ही दोघं या एका गोष्टीवर मुकी.

आणि तेवढ्यात पुण्याचं स्थळ आलं.

मी जळगावात बेबाआत्याकडे राहायची. वडील, म्हणजे लीलाधर नाना, सावद्याला केळीच्या बागेत. मुलगा इंजिनिअर, घर तोलामोलाचं, आणि मुख्य म्हणजे आमच्यातलं. त्यांनी आधी फोटो मागवला होता. आत्याने घोषणा केली, “तो धुयाचा पोरगा येते ना तुह्या मंडयात, त्यालेच सांग. फोटो पाह्यला त् मानसानं हो म्हनलं पाह्यजे.”

मी सांगितलं. मुद्दाम सांगितलं. म्हटलं, आता तरी बोलेल.

तो आला. आत्याच्या गच्चीवर स्टूल, स्टुलावर प्लास्टिकचा गुलाब, मी आत्याच्या मोतिया शालूत, कोपर स्टुलावर टेकवून. अभिमन कॅमेऱ्यामागे. त्याने बोलायचं म्हणून काय बोलावं?

“हनुवटी... थोडी खाली.”

बस. एवढंच. आत्या चहा आणायला खाली गेली आणि माझा तोल गेला.

“हा गुलाब कुणी ठेवला इथे? आणि मागे ही पाण्याची टाकी! तुम्हाला दिसत नाही? स्टेशनवरच्या म्हातारीचा फोटो बरा होता यापेक्षा! इथून कापा, इथून कापा...” मी दोन्ही हातांचे काटकोन करून त्याच्या तोंडासमोर नाचवत होते, केस सुटले होते, शालूचा पदर कमरेला खोचलेला. “आणि तुम्ही गप्प का? इथे कुठे धनसिंग सरांचा नियम आहे?”

कॅमेऱ्याचा खटका वाजला.

“काय केलंत?”

“रोल संपवला,” तो म्हणाला. आत्याचा चहा न पिताच तो निघून गेला.

गुलाबाचा फोटो पुण्याला गेला. उत्तर आलं, मुलगी पसंत आहे, आता प्रत्यक्ष पाहायला येतो. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी. त्याच दिवशी सकाळी मंडळाची सभा.

“आज कशाले जाते?” नाना सावद्याहून सकाळच्या गाडीने आले होते.

“जाणार,” मी म्हटलं. “शेवटची असली तरी जाणार.”

नाना टोपी चढवून म्हणाले, “चाल, मीबी येतो. पाहू तं दे, इतले दिवस काय करत होती ते.” आत्या पोह्यांचे कांदे टाकून आमच्या मागे निघाली, मी पळून जाईन अशी तिला धास्ती होती.

खोलीत शिरले आणि पाय जागीच थांबले. दोरीवर पहिलाच फोटो माझा. गच्चीवरचा. हातांचे काटकोन, त्यांच्या मधोमध माझा रागावलेला, बोलता बोलता हसूही आलेला चेहरा. केस उडालेले. डोळ्यांत अशी धग की मी स्वतःच दचकले. मी अशी दिसते? कुणी कधी सांगितलं नव्हतं.

खाली शाईने नीट, आरेखकाच्या अक्षरात लिहिलेलं शीर्षक: ‘मनी’.

नाना आणि आत्या मागच्या रांगेत बसले. अभिमन खिडकीपाशी, हाताची घडी, मान खाली. धनसिंग सर खाकरले.

“ज्योत्स्नाबाई, सुरुवात तुम्हीच करा.”

जीभ माझी नेहमीसारखीच चालली. “उजेड चांगला पकडलाय. हात धूसर झालेत, ते चालतील, त्यांनी घाई दिसते. काटकोन लावायची गरज नाही, ते... फोटोतच आहेत.” थोडं हसू पसरलं. “पण शीर्षक साफ चुकलंय. मनी म्हणजे मांजर. या फोटोत मांजर कुठे आहे? की मी ओरडते म्हणून मला मांजर म्हणायचंय?”

कापडवाले मगनभाई रुमालात तोंड घालून गदगदू लागले. पारोळ्याची दोन पोरं एकमेकांना कोपराने ढोसू लागली. जळगावच्या पश्चिमेकडून आलेले झाडून सगळे माझ्याकडे बघत होते, आणि पूर्वेकडून आलेली मी एकटी बावळटासारखी उभी.

“बेटा,” धनसिंग सर अगदी हळू म्हणाले, “ते मराठी नही. आमनी अहिराणी शे.”

“म्हणजे?”

“तुमच्याकडे ‘माही’ म्हणतात ना...” सर चष्मा पुसू लागले. “तेच आमच्याकडे... ‘मनी’.”

मना. मनी. मनं. माझा, माझी, माझं.

कानशिलं तापली. फोटोतल्या मुलीकडे मला बघवेना, खिडकीकडे तर नाहीच नाही. महिनोन्महिने एसटीने येणारा, कोपर लागलं तरी कपाशीकडे बघणारा हा मुका माणूस... बोलला तर चार भिंतींत चाळीस माणसांसमोर, माझ्या वडिलांसमोर, आणि तेही असल्या भाषेत की मीच त्या शब्दाला मांजर म्हणावं!

मला इतका आनंद झाला की राग आला.

“तरीही शीर्षक चुकलंय,” मी म्हटलं. आवाज कापत होता, पण मी तो कापू दिला. “ज्याची वस्तू त्याला न विचारता असं नाव देता येत नाही. पुढे प्रश्नचिन्ह हवं होतं.”

धनसिंग सरांनी, जणू उत्तर त्यांना ठाऊकच नव्हतं, विचारलं, “फोटो कोणाचा?”

अभिमन उठला. त्याच्या कपाळावर घाम होता. एकच वाक्य बोलायचं, आणि ते तो थेट माझ्या डोळ्यांत बघून बोलला.

“प्रश्नचिन्ह... आता लावलं तर चालेल?”

“आता नको,” मी म्हटलं. “आता पूर्णविराम दे.”

‘दे’ म्हटलं. ‘द्या’ नव्हे. हे आधी माझ्या लक्षात आलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर उजाडलं तेव्हा आलं. मगनभाईंनी टाळी वाजवली आणि मग सगळी खोलीच वाजू लागली.

ती थांबली, कारण नाना उठले होते.

ते सावकाश दोरीपाशी आले. काळ्या कोटाच्या खिशातून त्यांनी गुलाबाचा फोटो काढला, त्याचीच एक प्रत. तो टांगलेल्या फोटोशेजारी धरला. कितीतरी वेळ ते एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत राहिले. माझा सगळा जीव त्यांच्या त्या दोन बोटांत अडकला होता.

“दोन्ही तूच काढेल हे का रे?” 

“हो नाना.”

“धुयाचा ना तू? आमच्यातला नी.”

“नाही, नाना.”

“लोक काय म्हनतीन दादा!” आत्या मागून कळवळली.

नानांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. गुलाबाच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, “ही कोनाची पोर हे, मले नी मालूम. पुन्यावाल्यायले हीच आवडेल हे, अन् ही त् आपल्या घरात राहतच नी.” मग त्यांचं बोट दुसऱ्या फोटोपाशी गेलं, आणि माझ्या केळीवाल्या बापाचा आवाज घोगरा झाला. “ही माही पोर हे. लहानपनी बागीत अशीच भांडे माह्यासंगं. ही याले दिसली...” 

मी जाऊन त्यांचा हात धरला. मला वाटलं होतं मी रडेन, रडले नाना.

“बेबा,” ते डोळे पुसत म्हणाले, “पुन्यावाल्यायले फोन कर. म्हन, फोटो चुकीचा गेलता.” आणि अभिमनकडे वळून, “आन् तू. फुकट पोरगी नी भेटत. पुढच्या आइतवारी आमी येतो धुयाले. पाहाले.”

“ज्योत्स्नाला... पाहायला?” तो गोंधळला.

“तिले काय पाह्यचं? तुले पाहाले!”

आणि खरंच तसं झालं. धुळ्याच्या त्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही खुर्च्यांवर बसलो आणि आतून अभिमन ट्रे घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, कप बश्यांत खडखडताहेत. त्याची आई प्रमिलाबाई दारात उभी राहून पदरात हसत होती. नानांनी त्याला केळीबद्दल विचारलं. एकही उत्तर बरोबर आलं नाही. आत्याने स्वयंपाक येतो का विचारलं, खिचडी, म्हणाला. मी काहीच विचारलं नाही. पायावर पाय टाकून, चहा पीत, त्याला वरपासून खालपर्यंत निवांत पाहून घेतलं. कापण्यासारखं काही नव्हतं.

मग प्रमिलाबाई पुढे आल्या, माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, “सांग माय, आमना पोऱ्या तुले पसंत शे का?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. अभिमनने ट्रे छातीशी धरला.

त्याच्या भाषेतलं एकही वाक्य मी तोवर बोलले नव्हते.

“पसंत शे,” मी म्हटलं.